काडतूस घरी भरावे काय?



एका खरिपातल्या रविवारी मिस्सा संपल्यावर साखऱ्याकडचे आपले एक बांधव चर्चच्या पायरीवर आमची वाट पाहत थांबले होते. नाव सांगत नाही, कारण त्यांनी तशी विनंती केली आहे. आपण त्यांना मामा म्हणू. पुढच्या हकिकतीत त्यांना तसे म्हणणारा एक भाचा आहेच. मामा म्हणाले, “फादरला विचारायला लाज वाटते, म्हणून तुम्हांला विचारतो. हे दोन फोटो बघा आणि यातलं कोणतं घ्यावं ते सांगा.”

मोबाइलवर दोन यंत्रांची चित्रे होती. एक साधे, बिडाचे, बाजूला लांब दांडा असलेले, लिंबू पिळायच्या जुन्या यंत्राची आठवण करून देणारे. दुसरे गुंतागुंतीचे, वर नळकांडी, खाली फिरती तबकडी. दोन्ही यंत्रे बंदुकीचे काडतूस घरच्या घरी भरण्याची होती.

सेनगाव तालुक्यात ज्यांचे वावर आहे त्यांना मामांची गोष्ट समजावून सांगायला नको. नाल्याकाठी बाभळी आणि झुडपे, त्याला लागून सोयाबीन, मध्ये तुरीचे तास. रात्री रानडुकरांचा कळप उतरतो. डुक्कर खाते त्याहून जास्त लोळते आणि उकरते. सकाळी पाहावे तर अर्धा एकर जणू कुणी रूळ फिरवून सपाट केले आहे. डुकरांचे झाले की रोह्यांची पाळी. मामांच्या आजोबांची बारा बोअरची बंदूक वारशाने त्यांच्या परवान्यावर आली आहे. परंतु काडतुसे परवानाधारक दुकानातूनच घ्यावी लागतात. दुकान दूर, भाव चढा, आणि किती घेतली याची नोंद. त्यांचा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे, तिथे नेमबाजीच्या क्लबात जातो आणि स्वतःची काडतुसे स्वतः भरतो. फोनवर तो म्हणाला, “मामा, इथं हे दुकानात सहज मिळतं. तुम्हांला एक पाठवतो. कोणतं पाठवू तेवढं सांगा.”

मामांचा प्रश्न ‘कोणते’ असा होता. आम्ही दोन आठवडे त्यावर विचार केला, माहीतगार माणसांशी बोललो, थोडे वाचले, आणि शेवटी आमचे उत्तर ‘कोणतेही नको’ असे आले. पण नुसता नकार देणे सोपे असते आणि ज्याचे पीक गेले त्याला ते पटतही नाही. म्हणून या पानावर आमचा सगळा विचार मांडतो आहोत. मामांनी त्याला परवानगी दिली आहे.

प्रथम यंत्राविषयी, कारण ते न समजता त्यावर मत देणे बरे नव्हे. काडतूस उडाले की सगळेच संपत नाही. पुंगळी उरते. तिच्या बुडातली वापरलेली टोपी काढून नवी बसवायची, दारू मोजून भरायची, वर बुच आणि छर्रे घालायचे आणि तोंड दाबून मिटवायचे. एवढेच काम हे यंत्र करते. अमेरिकेत हा कितीतरी लोकांचा घरगुती छंद आहे. विस्कॉन्सिनमधल्या ‘ली’ आणि ‘मेक’, अ‍ॅरिझोनातल्या ‘डिलन’ अशा कंपन्या हेच विकतात, आणि स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला तिथल्या केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. म्हणजे भाचा काही चोरटे काम करीत नाही. त्याच्या गावी ते सरळ आहे.

यंत्रांचे मुख्य दोन प्रकार. साध्या यंत्रात एका वेळी एकच क्रिया होते. पन्नास पुंगळ्या घेऊन बसलात तर आधी पन्नासांच्या टोप्या निघतील, मग पन्नासांना नव्या बसतील, असे करीत प्रत्येक पुंगळी चार-पाच वेळा हातातून जाते. दुसऱ्या यंत्रात तबकडी फिरत राहते आणि दांडा एकदा ओढला की सगळ्या क्रिया एकदम होऊन एक तयार काडतूस बाहेर पडते. तासाला काही शे काडतुसे निघतात. जाणती माणसे नवशिक्याला साधेच यंत्र घ्यायला सांगतात, आणि त्यामागचे कारण आम्हांला फार विचार करण्याजोगे वाटले. वेगवान यंत्रात हात सरावाने चालतो आणि लक्ष उडते. मध्येच काही अडकले, कुणी हाक मारली, तर एकाच पुंगळीत दोनदा दारू पडू शकते. बाहेरून ते काडतूस इतरांसारखेच दिसते. उडवताना मात्र नळी फुटते, बोटे जातात, डोळा जातो. म्हणून त्या छंदाचे शिस्तीचे लोक काम करताना टीव्ही लावत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, टेबलावर एका वेळी एकाच प्रकारची दारू ठेवतात, आणि शिशाचा अंश पोटात जाऊ नये म्हणून उठल्यावर हात धुतल्याशिवाय कशाला शिवत नाहीत. लहान मुलांना त्या खोलीत येऊ देत नाहीत.

आता आपल्या घरांकडे पाहा. वेगळी खोली आहे कुठे? जिथे बियाण्याची पोती तिथेच पाटा, तिथेच नातवंडांचे दप्तर, आणि चुलीतली ठिणगी उडून येईल एवढ्या अंतरावर सगळे. ज्या कामाला अखंड एकांत लागतो ते काम आपल्या ओसरीत होणे नाही. आणि इथे तर कारखान्यांतसुद्धा माणसे जातात. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. शिकलेली, अनुभवी माणसे होती ती, आणि नियमांच्या चौकटीत काम करणारी. त्यांच्या कुटुंबांसाठी प्रार्थना करताना आपल्या मनात आले असेल की दारूला कुणाची ओळख नसते.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या देशाच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या दुसऱ्याच कलमात दिली आहे, आणि त्या व्याख्येत काडतुसांबरोबर ती बनविण्याची यंत्रसामग्रीही धरली आहे. म्हणजे मामांच्या फोटोतले ते बिडाचे यंत्र, त्यात दारूचा एक कण नसला तरी, कायद्याच्या नजरेत दारूगोळाच आहे. ते परदेशातून आणायला परवाना लागतो, आणि त्यावर काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्या कामी येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. हे ऐकून मामांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “म्हणजे पार्सल आलं असतं आणि मी आत गेलो असतो.” भाच्याला बिचाऱ्याला याची कल्पनाही नव्हती.

इथे लेख संपवता आला असता. कायदा नाही म्हणतो, विषय मिटला. पण मामांनीच तो मिटू दिला नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “कायद्याचं कळलं. पण कायदा तर माझ्या सोयाबीनीला राखायला येत नाही. पाप आहे का ते सांगा.” या प्रश्नाला कलम दाखवून उत्तर होत नाही.

मामांच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. शस्त्र कुणाच्या हाती असावे हे ठरविणारे कायदे नेहमीच न्यायाचे होते असे नाही. इंग्रजांनी १८७८ साली केलेल्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यात अडकवले आणि युरोपियनांना सूट दिली. गांधीजींसारख्या अहिंसेच्या उपासकानेही त्या कायद्यावर कडक टीका केली होती. आपल्या पवित्र शास्त्रात १ शमुवेलच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे की पलिष्ट्यांनी इस्राएलाच्या मुलखात लोहारच राहू दिला नव्हता. हेतू हा की इब्र्यांना तलवार घडवता येऊ नये. परिणाम असा की नांगराचा फाळ पाजळायलाही त्यांना शत्रूच्या दारात पैसे मोजावे लागत. ज्याच्याकडे भाता त्याच्याकडे सत्ता, ही गोष्ट तेव्हाही खरी होती. आणि आपला हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या दिवसांत गाव राखायला हाती काहीच नसणे म्हणजे काय, ते जुन्या माणसांच्या तोंडून आपण ऐकलेले आहे. तेव्हा ‘बंदूक म्हणजे वाईट, काडतूस म्हणजे पाप’ असे शहरी ठोकताळे आम्ही इथे मांडणार नाही. शहरात बसून डुकराची दया करणे स्वस्त असते. त्याची किंमत ज्याच्या वावरात डुक्कर शिरते तो भरतो.

शिवाय पीक राखणे हा हक्क आहे हे कायदाही मानतो. त्याच १९५९ च्या अधिनियमात शेतकऱ्याला खरोखरच्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. ठासणीची बंदूक, जिला विदर्भाकडे भरमार म्हणतात, ती म्हणजे दर बाराला हाताने भरायची. दारू ओता, चिंधी कोंबा, छर्रे घाला, गजाने ठासा. डुक्कर पळून शेजारच्या गावी पोहोचेपर्यंत दुसरा बार तयार होत नाही. आम्हांला मौज वाटते ती ही की कायद्याने शेतकऱ्याला प्रथम दिली ती ही अशी संथ बंदूक. ज्याने तो मसुदा लिहिला त्याच्या मनात काय होते कुणास ठाऊक, पण पीक राखायला किती पुरे याचा एक अंदाज त्यात दिसतो.

पुरे किती, हाच आम्हांला या प्रश्नाचा गाभा वाटतो. आम्ही मामांना विचारले, गेल्या तीन वर्षांत बार किती काढले? त्यांनी बोटांवर मोजले. नऊ. त्यातले सात हवेत, घाबरवण्यासाठी. म्हणजे वर्षाला तीन. आणि भाच्याने दाखवलेले दुसरे यंत्र तासाला काही शे काडतुसे काढते! मामा हसले, पण लगेच म्हणाले, “जास्त निघाली तर काय, आजूबाजूच्यांना देता येतील.” आम्ही काही बोललो नाही. त्यांचे त्यांनाच आपले वाक्य ऐकू आले असावे. कारण मग ते बराच वेळ गप्प होते.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात स्वसंरक्षणाविषयी लिहिताना एक सूक्ष्म भेद केला आहे. स्वतःला वाचवणे योग्य, परंतु त्यासाठी गरजेपेक्षा अधिक बळ वापरले तर तीच योग्य कृती अयोग्य होते. त्यांचा विचार माणसांमधल्या झटापटीविषयी आहे, डुकराविषयी नाही. तरी तो अवजारालाही लागू पडतो असे आम्हांला वाटते. अवजार घेताना आपण म्हणतो की मी माझ्या गरजेसाठी घेतो आहे. पण घरात आल्यावर अवजारही आपली गरज सांगू लागते. ज्याने ट्रॅक्टर घेतला त्याला दुसऱ्याची नांगरटी शोधावी लागते, हप्ते फेडायचे असतात. त्यात वाईट काही नाही. पण तासाला शेकडो काडतुसे काढणारे यंत्र ज्या घरात येईल त्या घरात वर्षाला तीन काडतुसांवर कोण थांबेल? पुंगळ्या गोळा होतील, दारू पिशवीने येईल, शेजारच्या गावाहून माणसे विचारत येतील. ती सगळीच डुकरांसाठी येतील असे नाही. धुऱ्यावरून, पाण्याच्या पाळीवरून, वाटणीवरून आपल्या गावांत काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. आज ते काठीवर, फार तर कुऱ्हाडीवर थांबते.

मग साधे यंत्र? ते संथ आहे, लक्ष मागते, थोडीच काडतुसे देते. कायद्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तर ते अधिक योग्य नव्हे काय? आमच्यात यावर मतभेद झाला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की जो माणूस प्रत्येक काडतूस पाच वेळा हाताळतो तो प्रत्येक बार काढण्याआधी पाच वेळा विचार केलेला असतो, आणि विकतच्या डबीतून काडतूस काढणारा एकदाही करीत नाही. हे म्हणणे पोकळ नाही. पण दुसऱ्यांचे म्हणणे, आणि शेवटी ते आम्हां सर्वांना पटले, असे की विचार हाताला होत नाही. तोच भाचा सांगतो की सराव झाल्यावर हात आपोआप चालतो. आणि मामांच्या घरात मामा एकटे नाहीत. त्यांचा थोरला मुलगा आहे, सून आहे, बारा वर्षांचा नातू आहे. साध्या यंत्राची शिस्त ही ते वापरणाऱ्याची असते, यंत्राची नव्हे. मामा नसतील त्या दिवशी ती शिस्तही घरात नसेल.

या ठिकाणी एक अवघड गोष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या मराठवाड्यात कर्जाने, नापिकीने खचून किती जणांनी आपले जीवन संपवले हे आपण वर्तमानपत्रात वाचतो, आणि काही घरांत आपण स्वतः सांत्वनाला गेलो आहोत. त्यांतली बरीच माणसे काही ठरवून, वर्षभर योजना करून गेलेली नव्हती. एका वाईट रात्री जे हाताशी होते ते हाताशी होते. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. कर्ज तिथेही होते, दुःख तिथेही होते. ती रात्र मात्र पुष्कळांची निभावून गेली आणि सकाळ झाली. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि मन फार जड झाले तर एकट्याने रात्र काढू नका, कुणाचेही दार वाजवा. हे या पानावर आम्ही पूर्वीही लिहिले आहे, पुन्हा लिहितो. आणि म्हणूनच ज्या घरात औषधाची बाटलीदेखील कुलपात असावी असे आम्ही म्हणतो, त्या घरात काडतुसांचा कारखाना असावा असे आम्ही कसे म्हणणार?

मामांना हे बोलताना आम्ही अडखळलो. ते म्हणाले, “बोला, बोला. माझ्या चुलतभावाचं तुम्हांला माहीत आहे.”

घरगुती स्फोटक वस्तूंचा मोह काही अमेरिकेहूनच येतो असेही नाही. प्लॅस्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून आवाज काढायची जी बंदूक अलीकडे निघाली आहे, ती वानरे आणि डुकरे पळवायला म्हणून शेतात आली. शे-दोनशे रुपयांचे काम. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, भोपाळ आणि विदिशाकडे, तीच मुलांच्या हाती खेळणे म्हणून गेली. बार उडाला नाही म्हणून मुले पाइपात डोकावली. शंभरावर मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. बनवणाऱ्याच्या मनात डुक्कर होते, आणि पाइपात डोकावले मूल. उलट गडचिरोली जिल्ह्यात पोलिसांच्या आवाहनानंतर गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेल्या भरमार बंदुका आपणहून नेऊन दिल्या. आजोबांची वस्तू देताना त्यांना काय वाटले असेल! ती त्यांची शिकारीची आणि पिकाच्या राखणीची बंदूक होती. आम्ही मामांना त्यांची परवान्याची बंदूक देऊन टाका असे म्हणत नाही, तो त्यांचा प्रश्न. एवढेच म्हणतो की कायद्याने मान्य अशी एक बंदूक कपाटात असणे आणि घरात काडतुसांची भट्टी लागणे यांत फार मोठे अंतर आहे.

प्राण्याविषयी दोन शब्द. डुक्कर आपले पीक खाते म्हणून ते दुष्ट होत नाही, त्याला वावर आणि रान यांतला फरक माहीत नाही. कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात (परिच्छेद २४१८) प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे म्हटले आहे, त्याच वेळी माणसाच्या दुःखनिवारणावर व्हायचा खर्च प्राण्यांवर करणेही योग्य नव्हे असेही म्हटले आहे. दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात आहेत. अंदाजाने भरलेले, कमी दारूचे काडतूस डुकराला मारत नाही, जखमी करते, आणि ते जखमी जनावर दुसऱ्या दिवशी तुरीत निंदणाऱ्या बाईवर जाते. कायदाही इथे आडवा आहेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर डुक्कर किंवा रोही मारायला परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यावी लागते, आणि त्यासाठी अर्ज वन विभागाकडे करायचा असतो. काळविटाला तर पिकाच्या कारणाने हात लावता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मामांनाही नव्हती.

स्तोत्रसंहितेतल्या ऐंशीव्या स्तोत्रात रानडुक्कर आहे, हे किती जणांच्या लक्षात आहे? इस्राएल म्हणजे देवाने लावलेली द्राक्षवेल, आणि रानातले डुक्कर तिची नासाडी करते आहे, अशी तक्रार स्तोत्रकर्त्याने केली आहे. आम्ही ते स्तोत्र या निमित्ताने पुन्हा उघडले, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. डुकराची तक्रार तेराव्या ओवीत आहे. त्याच्या आधीच्या ओवीत कुंपण का मोडले हा प्रश्न आहे. म्हणजे तक्रार आधी कुंपणाची, मग डुकराची. मळ्याची राखण करणाऱ्याला जो क्रम सुचेल तोच.

आपल्याकडचे कुंपण कसे मोडले? मामा सांगत होते की त्यांच्या लहानपणी नाल्याकाठच्या सगळ्या वावरांची जागल मिळून असे. चार माळे, चार शेकोट्या, एकाने हाळी दिली की दुसऱ्याने उत्तर द्यायचे, गोफण आणि डबडे. आठ घरे पाळीपाळीने जागत. आता त्यांतली तीन घरे पुण्याला कामाला गेली, दोघांनी वावर ठोक्याने दिले, उरलेल्या दोघांचे एकमेकांशी पटत नाही. मामा एकटे माळ्यावर. एकट्या माणसाला रात्री बंदूक हवीशी वाटते, यात नवल ते काय? चार माणसे असती तर डबडे पुरले असते. त्यांचा प्रश्न यंत्राचा होता, पण त्यांची अडचण शेजाऱ्यांची होती, आणि त्या शेजाऱ्यांत या धर्मग्रामातली दोन घरे आहेत हे आम्ही इथे मुद्दाम नोंदवतो. नावे लिहीत नाही. त्यांना कळेल.

काही उपयोगाची माहिती. जंगली जनावरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वन विभागाकडून मिळते. त्यासाठी खबर लवकर द्यावी, पंचनामा होईपर्यंत वावर मोडू नये, फोटो काढून ठेवावेत. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये असे जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून जंगली जनावरांनी केलेली नासाडी पीक विम्यातही धरली जाईल, आणि तिची खबर ७२ तासांच्या आत द्यायची. झटका मशीनचा खर्च एकट्याला जड जातो, पण नाल्याकाठच्या पाच जणांत वाटला तर तितका नाही. मात्र कुणी कुंपणात थेट घरची वीज सोडू नये. त्या तारेला माणूसही चिकटतो, आणि तो बहुधा पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीच असतो.

मागच्या रविवारी मामा पुन्हा भेटले. पार्सल निघाले नाही. पटत नसलेल्या दोन घरांपैकी एकाशी ते स्वतः जाऊन बोलले, दुसऱ्याकडे आम्ही जाणार आहोत. मंगळवार आणि शुक्रवारची जागल लागली आहे, बाकीच्या रात्री अजून रिकाम्या आहेत. ज्यांना एक रात्र देता येईल त्यांनी मिस्सानंतर मामांना किंवा आम्हांला सांगावे. भाच्याने फोनवर विचारले, मग मामा, पाठवू तरी काय? मामांनी बराच विचार केला आणि डोक्याला बांधायच्या चांगल्या बॅटऱ्या मागितल्या. चार.